बेणारेबाईंवर कलम कोणते?

'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक शिकवायला घेतले की पहिले दोन तास वर्ग खदखदून हसतो. तिसऱ्या तासापासून हसू आटू लागते आणि शेवटच्या अंकाला बाकांवर चुळबूळदेखील होत नाही. गेली बरीच वर्षे मी हे पाहत आले आहे. पण दोन वर्षांपूर्वी एका मुलीने पहिल्याच अंकाला हात वर केला. तिचा भाऊ वकिलीचा अभ्यास करत होता. ती म्हणाली, ''मॅडम, आरोप भ्रूणहत्येचा आणि कलम तीनशे दोन कसे? तीनशे दोन म्हणजे तर खून!''

नाटक ज्यांनी पाहिले किंवा वाचले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. मुंबईची एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला एका गावी येतात. प्रयोगाला अवकाश असतो, म्हणून वेळ घालवायला आपसांतच लुटुपुटीचा खटला भरवायचे ठरते. आरोपी म्हणून शाळेतल्या शिक्षिका लीला बेणारे यांना उभे करतात आणि गंमत म्हणून आरोप ठेवतात भ्रूणहत्येचा. पुढे ही गंमत खरी निघते. बेणारेबाईंना दिवस गेलेले आहेत, ते ज्या प्रोफेसर दामल्यांपासून गेले ते विवाहित आहेत आणि नेमके त्या दिवशी आलेले नाहीत. 'रंगायन'ने डिसेंबर १९६७ मध्ये तेंडुलकरांचे हे नाटक अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. सुलभा देशपांडे यांची बेणारे ज्यांनी पाहिली ते अजून तिच्याविषयी बोलताना आवाज खाली आणतात.

तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. भारतीय दंडसंहिता १८६० सालची. ती १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्यात गर्भपातासाठी कलम होते ३१२. स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी सद्‌हेतूने केलेला गर्भपात तेवढा वगळला, तर बाकी सगळा गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल सुरू झालेली असेल तर सात वर्षांपर्यंत. कलमाखाली एक छोटेसे स्पष्टीकरण होते, ते मात्र नीट वाचण्यासारखे आहे. जी स्त्री स्वतःच आपला गर्भ पाडून घेईल तीही याच कलमाखाली गुन्हेगार. म्हणजे दाई गुन्हेगार, वैद्य गुन्हेगार आणि स्वतः बाईही गुन्हेगार. ज्याच्यामुळे तिच्यावर ही पाळी आली, त्याचा उल्लेख कायद्यात शोधूनही सापडत नाही. नाटकातल्या दामल्यांची रिकामी खुर्ची काही तेंडुलकरांनी कल्पनेतून आणली नव्हती. दंडसंहितेत ती शंभर वर्षे रिकामीच होती.

हा कायदा आला आणि दुसऱ्याच वर्षी, १८६३ मध्ये, पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. एका मित्राच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या विधवेने आपले मूल मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्यातून ही कल्पना निघाली. १८८४ साली जोतीरावांनी सरकारला जे मत कळवले त्यात या गृहाचा हिशेब आहे. तोवर तेथे पस्तीस विधवा बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जगली, तीस गेली. कारणही त्यांनी लिहून ठेवले आहे. गरोदरपण लपवण्यासाठी आयांनी आधीच जी विषारी औषधे घेतली होती, त्यांनी गर्भाला इजा झालेली होती. हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहिते: ३५, ५, ३०. कायद्याने गर्भपात थांबला होता काय, या प्रश्नाला मला याहून चांगले उत्तर ठाऊक नाही.

पंढरपूरलाही १८७५ मध्ये असेच गृह निघाले. ते काढले तिथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांनी. ज्याच्यासमोर असे खटले यायचे त्यानेच आरोपी होण्याआधी बायकांना दार उघडून द्यावे, यात मला फार मोठी गोष्ट दिसते. मग १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेचे प्रकरण गाजले. नवजात मूल मारल्याबद्दल तिला फाशी सांगितली. मुंबईच्या उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणि पुढे ती शिक्षा पाच वर्षांवर आणली. वर्तमानपत्रांनी या निमित्ताने विधवांच्या अनीतीवर झोड उठवली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापून लिहायला बसल्या. 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली छापून आली. रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवणारी मराठीतली पहिली बाई ती हीच.

आणि आमच्या कादंबऱ्या? बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ सालचे. मराठी कादंबरीने डोळे उघडले तेच विधवांच्या हालांवर. हरिभाऊ आपट्यांनी यमूच्या तोंडून एका कुटुंबाचे अंतरंग उघडे केले. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा 'विभावरी शिरूरकर' कोण याचा शोध घेण्यातच पुण्यामुंबईची बरीच बुद्धी खर्ची पडली. मालतीबाई बेडेकरांनी ते नाव का घेतले असेल, हे त्या गदारोळावरूनच कळते. ही मोठी माणसे मी बाजूला ठेवते. पण वाचनालयातून आठवड्याला दोन या हिशेबाने आपल्या घरांत ज्या कादंबऱ्या येत, त्यांतली फसलेली मुलगी आठवून पाहा. तिला चक्कर येते, आई कपाळ बडवते, वडील आरामखुर्चीत कोसळतात. पुढे एक तर विहीर, नाही तर ऐन वेळी उगवणारा उदार नायक. तिला स्वतःला काय हवे आहे, हे विचारायला शेवटच्या पानापर्यंत कुणालाही फुरसत मिळत नाही.

'शांतता!'मध्ये या कादंबऱ्यांवरच एक जबरदस्त टोला आहे. गावचा भाबडा सामंत साक्षीदार म्हणून उभा राहतो आणि दामल्यांच्या खोलीत बेणारेबाईंना पाहिल्याची सविस्तर हकिकत सांगतो. ती त्याने पाहिलेली नसतेच. हातातल्या कादंबरीत वाचलेले तो साक्षीत घालतो. कोर्टाला ते पसंत पडते, कारण कोर्टानेही त्याच कादंबऱ्या वाचलेल्या असतात.

भाषेचेच पाहा ना! 'भ्रूणहत्या' हा शब्द धर्मशास्त्रातला, महापातकांच्या यादीतला. 'गर्भपात' हा डॉक्टरांचा. घरातले शब्द तिसरेच. ''पोट पाडले'', ''मोकळी झाली'', आणि आमच्या लोकलच्या बायकांच्या डब्यात आजही ऐकू येणारे ''सफाई करून घेतली''. सफाई! जणू दिवाळीच्या तोंडावरचे माळे झाडणे.

मी दिव्याला राहते. मुंब्रा आणि कोपर यांच्या मधले हे स्टेशन, इथूनच पनवेलला आणि वसईला रूळ फुटतात. आमच्या इमारतीत अर्धा जिल्हा कोकणचा, उरलेला देशावरचा. तीन वर्षांपूर्वी शेजारची एक बाई रात्री जेवणे झाल्यावर दार लोटून आत आली. दोन मुले पदरात, नवरा आखातात नोकरीला. सुट्टी संपवून तो गेला आणि पाठोपाठ हिला दिवस गेल्याचे कळले. ज्या दवाखान्यात ती गेली तेथे सांगण्यात आले की नवऱ्याची सही आणा. नवरा सहा महिन्यांनी यायचा. सासूबाई म्हणाल्या, तो येईपर्यंत थांब. तीन आठवडे असेच गेले आणि नुसत्या गोळ्यांनी निभावण्याची मुदत टळली. ती म्हणाली, ''ताई, तुम्ही शिकवता. कायद्यात खरेच अशी सही लागते का हो?''

लागत नाही. आणि आजच नव्हे, पन्नास वर्षांहून अधिक काळ लागत नाही. १९६४ मध्ये केंद्र सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या, हे समितीपुढचे मुख्य दुखणे. डिसेंबर १९६६ मध्ये अहवाल आला. १९६७ मध्ये इंग्लंडने आपला कायदा सैल केला, म्हणजे ज्या देशाने आम्हांला ३१२ कलम दिले त्यानेच. त्याच वर्षाच्या अखेरीस बेणारेबाई आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. आमचा वैद्यकीय गर्भसमापनाचा कायदा संसदेत संमत होऊन १० ऑगस्ट १९७१ रोजी निघाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये जे दिले ते २०२२ मध्ये परत घेतले. आमचे मात्र टिकले.

हा कायदा काही बाईच्या हक्काची सनद नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. निर्णय डॉक्टरांच्या मताने व्हायचा: तिच्या जिवाला धोका, शरीराच्या वा मनाच्या प्रकृतीला गंभीर इजा, मुलात व्यंग असण्याची शक्यता, किंवा बलात्कार. संततिनियमनाचे साधन फसले तर होणारा मनस्तापही त्यांत धरला, पण १९७१ च्या शब्दांत तो 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' यांच्यापुरता. एक वाक्य मात्र लखलखीत आहे. सज्ञान आणि जाणती स्त्री असेल तर संमती फक्त तिची. नवरा, सासू, बाप, भाऊ यांच्यापैकी कुणाचीही सही कायद्याने मागितलेली नाही.

त्या रात्री मी शेजारणीला ते वाक्य दोनदा वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ठाण्याला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तिचे नाव, वय विचारले, तपासले आणि कागद तिच्याचपुढे सरकवला. सही करताना तिचा हात इतका थांबला की मला वाटले, मन बदलले. तसे नव्हते. रेशनकार्डापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत तिच्या घरात सही नेहमी दुसऱ्याची असे. सासूबाई माझ्याशी वर्षभर बोलत नव्हत्या. आता हळदीकुंकवाला येतात.

सासूबाईंचेही एक म्हणणे होते, ते खोटे नाही. ''रस्त्यावर एवढ्या पाट्या लावल्यात, भ्रूणहत्या पाप आहे, गुन्हा आहे म्हणून!'' त्या पाट्या मुलगी नको म्हणून होणाऱ्या गर्भपातांविरुद्धच्या. गर्भलिंग तपासणीवर पहिला कायदा आपल्याच राज्याने १९८८ मध्ये केला, देशाचा १९९४ मध्ये आला. त्याची गरज होती आणि आहे. पण पाट्यांवर शब्द आला तो धर्मशास्त्रातला, आणि तो वाचून सरळ सरळ कायदेशीर उपचार मागणारी बाईसुद्धा स्वतःला गुन्हेगार समजू लागली. 'गर्भलिंगनिवड' हा रूक्ष शब्द मला म्हणूनच पसंत आहे. गुन्हा निवडीचा आहे, आणि तो बहुधा बाईला विचारून होतच नाही.

इथे पुन्हा नाटकाकडे यावे लागते, कारण त्या मुलीच्या प्रश्नाचा दुसरा भाग अजून राहिला आहे. बेणारेबाईंना मूल नको आहे, असे कुठे आहे? त्यांना ते हवे आहे. त्याला बापाचे नाव मिळावे म्हणून त्या पोंक्ष्यांना विचारतात, कोवळ्या रोकड्याला विचारतात, अपमान गिळतात. आणि भ्रूणहत्येचा आरोप ठेवून बसलेले काशीकरांचे न्यायालय शेवटी निकाल काय देते? पोटातला गर्भ नष्ट करण्यात यावा! स्त्रीच्या संमतीवाचून गर्भपात करणे हे खऱ्या दंडसंहितेत कलम ३१३ होते. त्याला शिक्षा दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. म्हणजे कलम लावायचेच झाले तर त्या खोलीत ते न्यायाधीशमहाराजांच्या आज्ञेला लागते. वर्गात हे सांगितल्यावर ती मुलगी एवढेच म्हणाली, ''म्हणजे चिडले कशावर होते ते? तिने ठरवले यावर?''

१ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता गेली. भारतीय न्याय संहितेत ३१२ चे ८८ झाले आणि ३१३ चे ८९. आकडे बदलले, मजकूर जवळपास तोच, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी बाई स्पष्टीकरणात अजून बसलेली आहे. गर्भसमापनाच्या कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, काही स्त्रियांना चोवीसपर्यंत मुभा मिळाली, आणि 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' या शब्दांच्या जागी 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्या चोवीस आठवड्यांतून अविवाहितेला वगळता येणार नाही.

बेणारेबाईंना आज डॉक्टरकडे जाता येईल, आणि न जाण्याचाही अधिकार त्यांचाच आहे. शाळेतली नोकरी मात्र नाटकात त्याच दिवशी जाते, संस्थेच्या अध्यक्षांच्या एका शब्दावर. त्यासाठी कुणालाही कलम शोधावे लागत नाही. आणि ज्याने कादंबरीतली साक्ष दिली तो सामंत, सगळे गेल्यावर, पुतण्यासाठी आणलेला कापडी हिरवा पोपट तिच्याशेजारी ठेवतो आणि पाय न वाजवता निघून जातो.