घरी ऐकू आलेला तंबोरा

घरबसल्या संगीत ऐकण्याच्या साधनांचा इतिहास बहुधा यंत्रांच्या वंशावळीने सांगितला जातो: चावीच्या ग्रामोफोनामागून विजेचा रेकॉर्डप्लेअर आला, त्यामागून कॅसेट, मग सीडी, आणि आता महाजालावरून थेट घरात येणारे संगीत. ही वंशावळ खोटी नव्हे. परंतु ख्याल ऐकण्यात ज्याची हयात गेली, त्याला या शंभरांहून अधिक वर्षांचा जमाखर्च मांडावयाचा झाल्यास एकच कसोटी पुरे आहे असे मला वाटते: गाणाऱ्याच्या मागे धरलेला तंबोरा घरातल्या खोलीत कितपत ऐकू आला? १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तंबोरा व वीणा यांवर निबंध लिहून असे दाखवून दिले की, जवारीच्या, म्हणजे तार घोडीला हलकेच घासत राहील अशा रचनेच्या, योगाने या वाद्यांत असे उपस्वरही निनादतात, जे तार छेडण्याच्या जागेचा विचार करता भौतिकशास्त्राच्या प्रस्थापित नियमानुसार उमटावयास नको होते. हा उपस्वरांचा गोतावळाच गायकाला षड्जाचा आधार देतो, आणि तोच इतका नाजूक असतो की मुद्रणातून प्रथम नाहीसा होणारा तो, व सर्वांत शेवटी परतणाराही तोच.

१९०२ च्या नोव्हेंबरात ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग यांनी कलकत्त्यास गायिका गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा ध्वनिग्राहक नव्हता आणि विजेचे वर्धनही नव्हते. कर्ण्याशी तोंड नेऊन खड्या आवाजात गावे, त्या आवाजाच्या जोराने सुईने मेणावर रेघ कोरावी, आणि तीवरून साचे करून लाखेच्या तबकड्या छापाव्यात, असा तो व्यवहार होता. तंबोऱ्याचा नाद त्या कर्ण्यापर्यंत पोहोचणे दुरापास्तच. आणि गाण्यास मुदत मिळे ती जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. गाणे संपताच गायिका आपल्या नावाचा पुकारा करी, कारण त्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे छापल्या जात आणि कोणती तबकडी कोणाची हे ओळखण्यास तेथील कारागिरांना त्याहून खात्रीचा दाखला नसे. आवाज अपुरा होता, पण कलावंताची नोंद खुद्द आवाजातच कोरलेली होती, ही गोष्ट पुढील हकिकतीच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९२५ पासून विद्युत ध्वनिमुद्रणाचा अंमल सुरू झाला, आणि अब्दुल करीम खाँसारख्या गवयांनी तीन मिनिटांत राग उभा करण्याचे असाधारण कसब सिद्ध केले. तथापि लाखेत मिसळलेल्या दगडाच्या पुडीमुळे तबकडीचा पृष्ठभागच खरबरीत असे, आणि तिच्या अखंड खरखरीखाली तंबोरा मागे कोठेतरी आहे, एवढ्यावरच श्रोत्याला समाधान मानावे लागे.

१९४८ च्या जूनमध्ये अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी व्हिनाइलची दीर्घ तबकडी बाजारात आणली. एका बाजूस सुमारे २२ मिनिटांचा अवधी आणि गुळगुळीत द्रव्यामुळे ओसरलेली खरखर, हे तिचे दोन्ही लाभ जणू ख्यालासाठीच योजलेले होते. १९५५ साली अमेरिकेत निघालेल्या आणि यहुदी मेन्युहिन यांनी प्रास्ताविक केलेल्या अली अकबर खाँ यांच्या सरोदवादनाच्या तबकडीने आलाप, जोड आणि गत यांना प्रथमच आपापली जागा मिळवून दिली. पुढे मुंबईत एच. एम. व्ही. कंपनीत ग. ना. जोशी यांच्यासारखा, स्वतः गायक असलेला अधिकारी ध्वनिमुद्रणाची सूत्रे सांभाळत असताना, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘कॉल ऑफ द व्हॅली’ निघाली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची ती तबकडी दोन ध्वनिक्षेपकांमधून ऐकताना संतूर, बासरी आणि गिटार यांना खोलीत आपापले स्थान असते, हा अनुभव अनेकांनी पहिल्यांदा घेतला.

दीर्घ तबकडी लावणे हा एक विधीच होता, आणि त्यातली प्रत्येक पायरी सप्रयोजन होती. वेष्टनातून तबकडी काढावयाची ती कडेला धरून, कारण बोटांचा ओशटपणा खाचांत धूळ चिकटवितो. तिच्यावरून मखमली पुसणी फिरवावयाची ती खाचांच्या दिशेने, आडवी कधीच नाही. हिऱ्याच्या सुईचा भार चांगल्या यंत्रात दीड-दोन ग्रॅमच ठेवावयाचा, कारण अधिक झाल्यास खाच झिजते आणि कमी झाल्यास सुई उडते. सुई कडेच्या मोकळ्या खाचेत उतरली की क्षणभर किंचित सळसळ होई आणि तीतून तंबोरा वर येई. ही सारी दक्षता मुख्यतः तंबोऱ्याच्याच कामी येत असे, कारण गवयाचा आवाज धुळीलाही दाद देत नाही, जवारी मात्र तिच्यापुढे टिकत नाही. आयातीवरील निर्बंधांच्या त्या काळात परदेशी टर्नटेबल सामान्य गृहस्थाच्या आवाक्याबाहेरचे होते. त्याच्या घरी एच. एम. व्ही.चा फिएस्टा असे, फार तर १९७० साली कलकत्त्यास स्थापन झालेल्या सोनोडाइनसारख्या स्वदेशी कंपनीची यंत्रे असत, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून, सुताराकडून खोकी करवून घेऊन, रात्र रात्र जागून जुळविलेला स्वतःच्या हातचा संच असे. त्या हौशी लोकांनी आपल्याकडील श्रवणसंस्कृतीची जी सेवा केली, तिची दखल कोणत्याही दप्तरात नाही, म्हणून ती येथे आदरपूर्वक घेतो.

फिलिप्सने १९६३ साली आणलेली कॅसेट आपल्याकडे ऐंशीच्या दशकात घरोघरी पोहोचली. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणाऱ्या त्या अरुंद फितीची ‘हिस्स’ नेमकी जवारीच्या प्रदेशातच पसरे, आणि डॉल्बीच्या योजनेने ती कमी झाली तरी निःशेष झाली नाही. परंतु तंबोऱ्याच्या बाबतीत झालेल्या तोट्याची भरपाई कॅसेटने अवधीच्या रूपाने केली: ९० मिनिटांच्या फितीवर एका बाजूस पाऊण तास मिळू लागला, मैफली जशाच्या तशा हातोहात फिरू लागल्या, आणि पुण्यात कर्वे रस्त्यावरील अलूरकर म्युझिक हाऊससारख्या दुकानाने निवडक गायकीच्या कॅसेटी स्वतः प्रसिद्ध करून रसिकांची एक पिढी घडविली. घरगुती कॅसेटच्या आतल्या कागदावर बारीक अक्षरात राग, ताल, तबला कोणाचा, पेटी कोणाची, मैफल कोठे व केव्हा झाली, हे सारे लिहून ठेवण्याची शिस्तही त्याच काळातली.

१९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये विक्रीस आलेल्या सीडीने प्रथमच खरी निःशब्दता दिली. ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि एका तबकडीवर ७४ मिनिटे, एवढ्या सामग्रीत तंबोऱ्याच्या चारही तारा विरत जाताना शेवटपर्यंत ऐकता येऊ लागल्या. आणि हे साध्य होऊन दोन दशकेही लोटली नाहीत तोच आपण ते हातचे घालविले. एमपी-३ या पद्धतीचे तत्त्व असे की, मोठ्या आवाजाच्या सान्निध्यातील लहान आवाज कानाला जाणवत नाही, सबब तो स्थूलपणे नोंदावा किंवा गाळावा. आणि गवयाच्या आवाजाच्या सान्निध्यातील लहान आवाज म्हणजे तंबोराच की! सीडीवर सेकंदाला १,४११ किलोबिट खर्ची पडत, तेथे १२८ किलोबिटांत भागविले जाऊ लागले, आणि जवारीच्या अखंड धारेचे पाण्यात बुडाल्यासारखे थरथरते, तुटक रूप कानी पडू लागले. हजारो गाणी खिशात मावली हे खरे. परंतु ख्यालाच्या श्रोत्याला त्याचा मोबदला आधारस्वराने चुकता करावा लागला.

ही हानी भरून येण्यास काळ लागला, पण ती भरून आली, आणि हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. एक बिटही न गमावता फाइलीचा आकार कमी करणारी फ्लॅक पद्धत २००१ पासून उपलब्ध होती. २०१४ साली टायडलने, २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनने, २०२१ च्या जूनमध्ये अ‍ॅपलने, तेही जादा आकार न घेता, आणि २०२५ च्या सप्टेंबरात स्पॉटिफायने असे अक्षत संगीत प्रवाहित करण्यास आरंभ केला. पूर्वी दोन भागांमध्ये पडणारा खंड, ज्यामुळे आलाप जोडाशी न मिळता तुटून पडे, तोही चांगल्या यंत्रांत नाहीसा झाला आहे. चांगल्या स्ट्रीमरमध्ये, म्हणजे महाजालावरून संगीत घेणाऱ्या यंत्रात, येणारी माहिती प्रथम साठविली जाते आणि तिला कालमान यंत्रातील स्वतंत्र घड्याळ देते, त्यामुळे वाटेतील अडथळ्यांचा परिणाम स्वरावर होत नाही. आज मध्यमवर्गीय घरात, माफक खर्चात, तंबोरा जितका स्वच्छ ऐकू येऊ शकतो, तितका तो पूर्वी श्रीमंताच्या दिवाणखान्यातही ऐकू येत नव्हता.

परंतु आवाज परत मिळाला तरी त्याची नोंद परत मिळालेली नाही. दीर्घ तबकडीच्या वेष्टनाच्या पाठीवर साथीदारांची नावे असत, पुष्कळदा तंबोऱ्यावर कोणते शिष्य बसले होते तेही असे. आजच्या सेवांच्या याद्यांची चौकट कलाकार, अल्बम आणि गीत अशी, सुट्या गाण्यासाठी बेतलेली. तीत राग शीर्षकात कोंबला जातो, तबलजीचे नाव वगळले जाते, आणि साठ वर्षांपूर्वीच्या मुद्रणापुढे ते पुन्हा प्रसिद्ध झाल्याचे साल लागते. नवख्या श्रोत्याला अशा यादीतून गवयाच्या तरुणपणीची गायकी कोणती आणि उतारवयातली कोणती, हे कळण्यास मार्ग उरत नाही. १९९० पासून मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था जुन्या तबकड्यांचा तपशील निष्ठेने जमवीत आली आहे; म्हणजे माहिती नाही ही सबब चालणार नाही. ज्यांच्याकडे या ध्वनिमुद्रणांची मालकी आहे त्यांनी आणि ज्या कंपन्या ती घरोघरी पोहोचवितात त्यांनी, प्रत्येक मुद्रणासोबत राग, ताल, साथीदार, तंबोऱ्यावर बसलेले शिष्य, मूळ तबकडीचा क्रमांक आणि मुद्रणाचे साल देण्याची तजवीज केली पाहिजे. गौहर जान यांना तीन मिनिटांच्या मुदतीतून काही क्षण आपल्या नावासाठी राखता आले. अमर्याद जागा हाताशी असलेल्या या काळाला तेवढे करणे खचितच अवघड नाही, आणि रसिकांनी ते हक्काने मागितले पाहिजे.