बंड्याला स्थळ हवंय!

दिसायला हिरो, डोक्याने टॉपर, वय अंदाजे दोन वर्षं. तरीही या पठ्ठ्याला योग्य घर शोधताना आमच्या नाकी नऊ आले. कारण मेंढ्या वळणाऱ्या जातीच्या कुत्र्याला नुसता फ्लॅट पुरत नाही, काम लागतं!

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला आणि तासाभरात अकरा फोन. ‘सो क्यूट!’, ‘फुकट देताय?’, ‘संध्याकाळी न्यायला येऊ?’ काळापांढरा, झुबकेदार शेपटीचा बॉर्डर कोली म्हटल्यावर दुसरं काय होणार! बाणेरमधल्या एका सोसायटीच्या गेटला कुणीतरी रात्री त्याला बांधून निघून गेलं होतं. मायक्रोचिप नाही, मालकाचा पत्ता नाही. प्राण्यांसाठी धावपळ करणाऱ्या माझ्या मैत्रिणीने त्याला सोडवलं, डॉक्टरांकडे नेलं आणि घर मिळेपर्यंत माझ्याकडे सोपवलं. नाव ठेवलं बंड्या.

कायद्याचं म्हणाल, तर प्राण्याला उपाशीतापाशी वाऱ्यावर सोडणं हा गुन्हाच आहे. पण १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला लिहिलेला दंड आहे १० ते ५० रुपये. म्हणजे फार तर दोन-तीन वडापाव. तेव्हा बंड्या पुन्हा कुठल्या गेटला बांधला जाऊ नये, हे बघणं आमच्याच हातात होतं.

मुळात हा मेंढपाळ

तिसऱ्याच दिवशी बंड्याने आमच्या मजल्यावरची पोरं लिफ्टसमोर एका कोपऱ्यात गोळा केली. भुंकणं नाही की गुरगुरणं नाही. अंग खाली, नजर रोखलेली आणि गोल गोल फेऱ्या. एक जण निसटायला गेला, तर त्याच्या टाचेला हलकेच दात लावले. पोरगं रडलं, आई भडकली. तिचं बरोबरच होतं. पण बंड्याच्या लेखी ती मेंढरं होती!

इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या डोंगराळ भागात ही जात मेंढ्या वळण्यासाठी तयार झाली, म्हणून नावात ‘बॉर्डर’. १८९३ मध्ये नॉर्थम्बरलँडमध्ये जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा आजच्या बहुतेक बॉर्डर कोलींचा पूर्वज मानला जातो. न भुंकता नुसत्या नजरेने कळप हलवायचा, ही त्याचीच स्टाइल. आणि डोकं? अमेरिकेतल्या ‘चेसर’ नावाच्या बॉर्डर कोलीला १,०२२ खेळण्यांची नावं येत होती. तिच्यावरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

असं डोकं सकाळी नऊ ते रात्री नऊ बंद घरात ठेवलं, तर ते स्वतःच काम शोधतं. सोफा उसवणं, बाइकमागे धावणं, भिंतीवरच्या सावल्यांचा पाठलाग करणं. मग ‘हा वेडाच आहे’ असं ठरतं आणि एका रात्री गेटला दोरी.

बघण्याचे कार्यक्रम

पहिलं स्थळ वाकडचं. नवरा-बायको दोघंही आयटीत, थ्री बीएचके, मोठं टेरेस. माणसं गोड, पण बारा तास घराबाहेर. ‘टेरेसवर खेळेल ना तो!’ एकटा? कुणाशी? नकार.

दुसरं मुळशीचं फार्महाऊस. दोन एकर जागा. आमचे सगळे मित्र म्हणाले, लगेच दे! चौकशी केली तर मालक फक्त वीकएण्डला येणार, बाकी पाच दिवस बंड्या साखळीला आणि रखवालदाराच्या भरवशावर. नकार.

तिसऱ्या घरात चार वर्षांची गोंडस मुलगी होती. बंड्या तिच्याभोवती फेऱ्या मारायला लागला आणि माझ्या पोटात गोळा आला. इथे नकार देताना सगळ्यात वाईट वाटलं, कारण त्या लोकांचा खरंच जीव जडला होता.

एका कुलिगने तर सुचवलं, ‘दिवे घाटात धनगरांचे कळप दिसतात, त्यांना दे.’ ऐकायला भन्नाट! पण आपल्याकडच्या धनगरांची कुत्री मुख्यतः राखणीची, लांडग्यांपासून कळप सांभाळणारी. मेंढरं हाकायचं काम माणसंच करतात. शिवाय दख्खनच्या उन्हात बंड्याचा तो दुहेरी कोट!

आणि मग तिचा फोन आला. कोथरूडमध्ये भाड्याचा वन बीएचके, घरूनच काम, सोबत रिटायर्ड आई. कागदावर सगळ्यात कमजोर स्थळ. पण बाकीच्यांनी विचारलं होतं, ‘तो चावतो का?’ हिने विचारलं, ‘त्याला कंटाळा आला की तो काय करतो?’ रोज पहाटे वेताळ टेकडीवर जायचा तिचा नेम पाच वर्षांचा. घरमालकाची परवानगी मात्र तोंडी होती. ती लेखी येईपर्यंत मी बंड्याला सोडलं नाही. कागद यायला आठवडा लागला. त्यानंतर पंधरा दिवसांची ट्रायल आणि मगच पक्कं.

घर देताना (आणि घेताना) हे विचारा

• कुत्रा दिवसात सलग किती तास एकटा राहणार?
• घरात लहान मुलं आहेत का? टाच पकडणं ही मेंढपाळी सवय आहे, पण पाच वर्षांच्या पोराला ते कसं कळणार?
• घर भाड्याचं आहे? प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. घरमालकाचा होकार मात्र वेगळा, तो कागदावरच घ्या.
• उन्हाळ्याचं काय? फिरणं सकाळी सातच्या आत. दुहेरी कोट भादरू नका, नुसता विंचरा.
• डॉक्टरांना जात सांगितली का? कोली वंशातल्या काही कुत्र्यांत एमडीआर१ या जनुकात दोष असतो. खरूज-गोचिडांसाठी दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन त्यांना जास्त मात्रेत घातक ठरू शकतं. बॉर्डर कोलीत हे प्रमाण कमी आहे, पण विचारून घेतलेलं बरं.
• जमलं नाही तर? ‘कुत्रा आमच्याकडेच परत येईल’ हे लेखी ठरवा.

एकतर्फी प्रेमात पडून हो म्हणणारे खूप भेटतात. आपलं वेळापत्रक उघडून बघणारे कमी. जागा पन्नास फूट कमी असली तरी चालेल, पण सकाळचा तास आणि संध्याकाळचा तास त्याच्या नावावर हवाच. तो नसेल, तर फोटोला लाइक करा आणि पुढे जा. त्यातही त्याचं भलंच आहे.

बंड्या नव्या घरी जाऊन तीन महिने झाले. आई त्याला रोज दुपारी खेळण्यांची नावं शिकवतात. आठ पाठ झालीत. ‘वांगं’ आणि ‘बटाटा’ यांत मात्र अजून घोळ होतो.