गॅस गीझर पेटतो आणि लगेच विझतो? आधी सेल बघा, मग खिडकी

अंगाला साबण लावलाय आणि गीझर विझला! बहुतेक वेळा कारण साधं असतं : सेल. गीझरमधले दोन जाड सेल नुसती ठिणगी पाडत नाहीत, गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरायचं कामही तेच करतात. ते उतरले की टकटक आवाज येतो, ज्योत पेटते आणि विझते. गच्चीवरची टाकी रिकामी होत आली, पाण्याचा दाब घसरला, तरीही गॅस बंद होतो. बर्नरजवळच्या फ्लेम सेन्सरवर काजळी बसली असेल, तर ज्योत असूनही यंत्रणेला ती कळत नाही. ही सफाई मेकॅनिककडूनच करून घ्या.

पण सेल नवे, दाब ठीक, आणि तरी बंद बाथरूममध्ये गीझर मध्येच विझतोय? मग लगेच पुन्हा पेटवू नका. काही मॉडेल्समध्ये 20 मिनिटांचा टायमर असतो, हे खरं. पण काहींमध्ये हवेतला ऑक्सिजन कमी झाला की गॅस तोडणारा सेन्सरही असतो. अशा कोंदट जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, गरगरतं आणि दारापर्यंत पोहोचायच्या आत माणूस कोसळू शकतो. गीझर आणि नळ बंद करा, दार उघडून बाहेर या.

'सेन्सर काढून टाकतो, मग विझणार नाही' म्हणणाऱ्या मेकॅनिकला परत पाठवा. गीझर उघड्या बाल्कनीत लावून गरम पाणी पाइपने आत आणणं सगळ्यात बरं.