तीनचाकी विद्युत् रिक्षा : चढावरील परीक्षा

ठाणे जिल्ह्यातील डोंबिवलीचे रेल्वेमार्गाने पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले आहेत. एका भागातून दुसऱ्यात जाणाऱ्या वाहनास कोपर पुलासारख्या पुलाचा चढ चढावा लागतो. कल्याणास पत्री पुलाचीही तीच गोष्ट. सबब येथे विद्युत् रिक्षा घेण्यापूर्वी ती सपाट रस्त्यावर रिकामी चालवून पाहणे पुरेसे नाही.

रिक्षा, चालक व चार उतारू मिळून वजन ७०० किलोग्रॅम आणि वेग ताशी २५ किलोमीटर धरल्यास सपाट रस्त्यावर सुमारे ७०० वॅट शक्ती पुरते. ती मुख्यतः चाकांच्या घर्षणात खर्ची पडते. वीस मीटरांमागे एक मीटर चढ असल्यास आणखी सुमारे २,४०० वॅट लागतात. म्हणजे गरज चौपटीहून अधिक होते. मोटार वाहन कायद्याच्या २०१५ मधील दुरुस्तीने अशा रिक्षांच्या शक्तीस ४,००० वॅटांची मर्यादा घातली आहे. मोटार दुबळी असल्यास वेग मंदावतो, विद्युत्प्रवाह वाढतो व मोटार तापते.

म्हणून पूर्ण भार घेऊन, बॅटरी उतरत आली असता, चढाच्या मध्यावर थांबून रिक्षा पुन्हा निघते की नाही, हे पाहिले पाहिजे. कर्जाचा हप्ता रोजच्या कमाईतून फेडणाऱ्या चालकाची उपजीविका या परीक्षेवर अवलंबून असते.