जुन्या गाडीचा पॉवर ब्रेक: काढायचा की ठेवायचा?

एमजी किंवा ट्रायम्फची दोनसीटी स्पोर्ट्स कार वर्धा जिल्ह्यात क्वचितच दिसते. पण पत्र्याच्या शेडखालून बाहेर काढून पुन्हा रस्त्यावर आणलेल्या महिंद्राच्या जीप, प्रीमियर पद्मिनी, पहिल्या पिढीतल्या जिप्सी इथे आहेत आणि त्यांच्यावर जीव लावणारी माणसंही आहेत. या सगळ्यांत एक वाद कायम चालतो. एक बाजू म्हणते, पॉवर ब्रेकचा बूस्टर काढून टाका, गाडी ‘मूळ’ वाटते, पायाला ब्रेक कळतो. दुसरी म्हणते, बूस्टर नसलेली गाडी आजच्या ट्रॅफिकमध्ये चालवूच नये, मारुतीचा बूस्टर बसवून घ्या. दोन्ही सल्ले अर्धवट आहेत, आणि ब्रेकच्या बाबतीत अर्धवट सल्ला महागात पडतो.

आधी हा बूस्टर नावाचा डबा करतो काय ते पाहू. पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये बसवलेल्या गोल डब्यात रबरी डायफ्राम असतो. पेट्रोल इंजिन चालू असताना त्याच्या मॅनिफोल्डमध्ये तयार होणारी पोकळी पाइपमधून डायफ्रामच्या दोन्ही बाजूंना पोचते. पेडल दाबलं की एक झडप उघडते, पेडलकडच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि दोन बाजूंच्या दाबातला फरक डायफ्रामला पुढे ढकलतो. आठ इंची डायफ्रामचं क्षेत्रफळ सुमारे ३२४ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला ०.६ किलोचा फरक धरला तरी जवळजवळ दोनशे किलोचा जोर हवाच देते. पायाने पेडलवर २५ किलो दिले आणि पेडलची तरफ चारपट असली, तर दांड्यावर १०० किलो तुमचे आणि २०० हवेचे, असे ३०० किलो पडतात. बूस्टर नसेल तर त्याच पेडलवर तेवढ्याच कामासाठी ७५ किलो लावावे लागतील. आंतरराष्ट्रीय ब्रेक चाचण्यांत पायाच्या जोराची मर्यादा ५०० न्यूटन, म्हणजे साधारण ५० किलो धरतात. हे आकडे लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

“बूस्टर असला की गाडी कमी अंतरात थांबते”

टायर रस्त्याला जेवढं धरतो तेवढीच गाडी थांबते. ताशी ८० किलोमीटरवर, कोरड्या डांबरावर आणि बऱ्या टायरवर, ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंत सुमारे ३६ मीटर लागतात. त्याआधी माणसाला भान येऊन पाय पेडलवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला, तर आणखी २२ मीटर गेलेले असतात. यात बूस्टरचा कुठेही संबंध नाही. चाक घसरू लागेल इतका जोर तुमचा पाय बूस्टरशिवाय देऊ शकत असेल, तर बूस्टरने एक फूटही वाचणार नाही.

पण त्या ‘देऊ शकत असेल तर’मध्ये खरी गोष्ट आहे. हिंगणघाटच्या रस्त्यावर कापसाच्या हंगामात संध्याकाळी गाडी चालवून पाहा. मागे दिवा नसलेली ट्रॉली, कडेने चाललेली बंडी, अचानक आडवी येणारी म्हैस. सपाट, सरळ रस्ता असल्याने वेग आपोआप वाढलेला असतो आणि ब्रेक लागतो तो घाबरून, एका झटक्यात. त्या क्षणी ५० किलो सगळ्यांच्या पायात नसतात. साठी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या किंवा शरीराने लहान असलेल्या चालकासाठी बूस्टर ही चैन नाही. गाडी घरात आणखी कोण चालवणार आहे, हा प्रश्न मालकाने स्वतःला आधी विचारावा. आपल्याकडे तो विचारला जात नाही, कारण जुनी गाडी म्हणजे ‘बाप्या माणसाचं’ खेळणं अशी समजूत आहे. तिचा मला मनापासून राग येतो.

“जुन्या गाड्यांना बूस्टर नव्हता, म्हणजे डिस्कलाही तो लागत नाही”

इथे सर्वांत जास्त घोळ होतो. ड्रम ब्रेकमध्ये पुढच्या बाजूचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच ओढला जाऊन आणखी घट्ट बसतो, म्हणजे ड्रम स्वतःलाच मदत करतो. म्हणून चारही चाकांना ड्रम असलेली पद्मिनी किंवा जुनी सीजे जीप बूस्टरशिवाय नीट थांबायची, आणि आजही थांबते. डिस्कमध्ये ही मदत नसते. पॅड जेवढा दाबाल तेवढाच पकडतो. म्हणून डिस्क आल्या तसा बूस्टरही सर्रास आला.

मग १९६२ची ट्रायम्फ स्पिटफायर पुढच्या डिस्क असूनही बूस्टरशिवाय कशी आली? कारण ती जेमतेम पाऊण टनाची गाडी होती आणि तिचं पेडल, मास्टर सिलिंडर, कॅलिपर त्या हिशोबानेच ठरवलेले होते. त्याच वर्षी आलेली एमजीबी तिच्याहून जड. तिला सुरुवातीला बूस्टर हवा तर घ्या असा होता, नंतरच्या गाड्यांना तो कारखान्यातूनच आला. दोन्ही गाड्या बरोबर होत्या, कारण प्रत्येकीत सगळे भाग एकमेकांशी जुळवलेले होते.

म्हणूनच “डबा काढा, मधे दांडा लांब करा, झालं” हा सल्ला धोक्याचा आहे. बूस्टरवाल्या गाडीचं पेडल साधारण चारपट तरफेचं, तर बिनबूस्टरचं सहापट किंवा त्याच्या आसपास असतं. वरच्या हिशोबात सहापट तरफ घातली की ७५ किलोचे ५० होतात. त्यावर मास्टर सिलिंडर एक इंचाऐवजी पाऊण इंची लावला, तर तेवढ्याच जोराला तेलाचा दाब पावणेदोन पट मिळतो. पण पेडलही पावणेदोन पट खाली जातं, आणि लायनर थोडे झिजले की ते फळीला टेकू शकतं. पेडल, सिलिंडर आणि कॅलिपर यांचा एकत्र हिशोब न करता नुसता डबा काढणाऱ्या मिस्त्रीकडून गाडी परत आणावी.

उलट बाजूची चूक आपल्या भागात जास्त होते. ड्रमच्या जीपला किंवा पद्मिनीला मारुतीचा बूस्टर बसवतात आणि पहिल्या दिवशी मालक खूश असतो. मग पहिल्या पावसात, ओल्या काळ्या मातीने माखलेल्या डांबरावर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी आडवी फिरते. स्वतःलाच मदत करणाऱ्या ड्रमला आणखी दोनशे किलोची मदत दिली की असंच होणार.

डिझेल इंजिन टाकलेल्या जीपचा प्रश्न आणखी वेगळा. जुन्या डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये कामाची पोकळी तयार होत नाही, तिथे बूस्टरला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. तो बऱ्याचदा अल्टरनेटरच्या मागे असतो, म्हणजे एक पट्टा तुटला की चार्जिंग आणि ब्रेकची मदत एकदमच जाते. पेट्रोल इंजिनात शर्यतीचा कॅमशाफ्ट टाकणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. त्या कॅमने आयडलवरची पोकळी घटते आणि बूस्टर लंगडा पडतो.

“बूस्टर गेला म्हणजे ब्रेक गेला”

नाही. पेडलपासून मास्टर सिलिंडरपर्यंतचा दांडा डब्यातून आरपार जातो, डबा मेला तरी ब्रेक लागतो. फक्त पेडल दगडासारखं होतं आणि वर सांगितलेले ७५ किलो तुमच्या वाट्याला येतात. पाइपमधल्या एकमार्गी झडपेमुळे इंजिन बंद पडल्यावरही एकदोन दाबांपुरती पोकळी शिल्लक राहते, त्यापुढे नाही. म्हणून उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय बूस्टरवाल्या गाडीत जीवघेणी आहे. वर्ध्याहून चिखलदऱ्याला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ओळखून असावं. सुमारे ११०० मीटर उंचीवर हवेचा दाबच इथल्यापेक्षा जवळपास एक दशांश कमी असतो, त्यामुळे बूस्टरची मदतही तेवढी घटते. उतरताना खालचा गियर घालावा.

जुन्या ब्रिटिश गाड्यांतल्या वेगळ्या बसवलेल्या बूस्टरला मात्र एक खोड आहे. तो पेडलपाशी नसून तेलाच्या लाइनमध्ये असतो. त्याचं सील गळलं की ब्रेक ऑइल पोकळीच्या पाइपमधून इंजिनात ओढलं जातं. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, टाकीतलं तेल उतरत जातं, आणि बाहेर थेंबही दिसत नाही. अशा गाडीत बूस्टर ठेवायचा असेल तर त्याची सीलं नवी घालूनच ठेवावा.

पेडल मऊ लागतं म्हणून बूस्टर बदलणारेही भेटतात. मऊ पेडल म्हणजे लाइनमध्ये हवा किंवा फुगलेले रबरी होज. बूस्टर बिघडला तर पेडल कडक होतं. तपासणी फुकट आहे: इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. दाबून धरल्यावर सतत फुसफुस आवाज येत असेल किंवा इंजिन थरथरत असेल, तर डायफ्राम किंवा पाइप फुटला आहे.

उन्हाळ्यात ब्रेक ‘सुटतात’ याचाही बूस्टरशी संबंध नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. कोरडं डॉट ३ प्रतीचं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १४० अंश आहे. वर्ध्याच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांपेक्षा दोन पावसाळे न बदललेलं तेल जास्त घातक असतं.

कागदाचीही बाजू आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण तिच्या चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. बूस्टर बसवण्यासाठी फायरवॉल कापण्याआधी हे आठवावं. पत्रा परत जोडता येतो, पण मूळचा होत नाही.

माझं मत विचाराल तर गाडी कारखान्यातून जशी आली तशी ठेवावी. डिस्क आणि बूस्टर असलेल्या गाडीचा बूस्टर काढू नये, ड्रमवाल्या गाडीला तो लावू नये. अपवाद एकच, पायाला जोर पुरत नसलेला चालक. त्याच्यासाठी पुढे डिस्क, बूस्टर, जुळणारा मास्टर सिलिंडर आणि मागचा दाब कमी करणारी झडप असा पूर्ण संच बसवावा, सुटे तुकडे नाहीत. आणि यातलं काहीही ठरवण्याआधी होज, तेल, लायनर, व्हील सिलिंडर आणि टायर नवे करून गाडी महिनाभर चालवावी. पाच वर्षांपूर्वीच्या टायरवर ब्रेकचा निर्णय घेऊ नये.