मनगटावरील पहारा

नाडीपरीक्षेचें शास्त्र आपल्याकडे जुनें आहे. वाताची नाडी सर्पगतीची, पित्ताची बेडकाच्या उडीसारखी व कफाची हंसाच्या चालीची, असें शार्ङ्गधरसंहितेंत सांगितलें आहे. ती ओळखण्यास वैद्यराजांना रुग्णाच्या उशाशीं बसावें लागे. हल्लीं मनगटावर बांधावयाचे घड्याळवजा पट्टे निघाले आहेत. ते अहोरात्र ठोके मोजतात व दूरच्या मुलास कळवितात. आमच्या धाराशिवाकडील तरुण मंडळी नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस गेली व वडील माणसें वाड्यांत उरलीं. अशा कुटुंबांनीं या वस्तूचा विचार अवश्य करावा.

यांतील युक्ति साधी आहे. पट्ट्याच्या पोटाशीं हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतें. ठोक्यासरशी रक्ताची लाट आली कीं परतणारा प्रकाश घटतो व त्यावरून ठोके मोजले जातात. रक्तांतील प्राणवायु मोजण्याची अशीच रीत जपानांतील ताकुओ आओयागी यांनीं १९७४ सालीं मांडली. बोटास लावावयाचा तो चिमटा २०२० सालीं ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेंत महाराष्ट्रांतील घरोघर पोंचला, हें वाचकांस आठवत असेलच.

या पट्ट्यांचा उपयोग नाहीं असें नव्हे. अनियमित नाडी हें पक्षाघाताचें एक कारण असून ती पुष्कळदां रोग्यास जाणवतही नाहीं. अमेरिकेंत चार लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या पाहणीचा निष्कर्ष २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत एकंदर शंभरांत अर्ध्या माणसास अशा नाडीची सूचना मिळाली, पण पांसष्टीपुढील शंभरांत तिघांस मिळाली. तथापि सूचना म्हणजे निदान नव्हे. तें डॉक्टरांनींच करावयाचें. पट्टा सैल असला किंवा हात हालत असला तर आंकडा चुकतो. सांवळ्या त्वचेवर प्राणवायूचें मोजमाप कमी विश्वसनीय ठरूं शकतें.

आतां घरचा अनुभव सांगतों. आमच्या वहिनी एक्याऐंशी वर्षांच्या आहेत व जुन्या वाड्यांत एकट्या राहतात. पुतण्यानें पुण्याहून त्यांना पट्टा पाठविला. पहिल्या आठवड्यांत त्याचे दिवसांतून चार फोन येत. “आई, आज पावलें कमी कां? रात्रीं झोंप कां मोडली?” वहिनी मला म्हणाल्या, “भावोजी, मनगटावर बांगडी असावी, पहारेकरी कशाला?” मीं तें हंसण्यावारी नेलें, ही माझी चूक झाली.

श्रावणांत एके सकाळीं त्या न्हाणीघरांत घसरून पडल्या. पडल्याची वर्दी देण्याची सोय पट्ट्यांत होती, परंतु सोंवळ्यांत रबर नको म्हणून तो कोनाड्यांत काढून ठेविलेला! पुण्यास कांहींच कळलें नाहीं. शेजारच्या सूनबाईनें कण्हणें ऐकलें तोंवर तास लोटला होता. आंतून कडी असल्यामुळें दार मोडावें लागलें. हाताच्या मोडक्या हाडावर निभावलें, ही जगदंबेची कृपा.

मग पुतण्या आला व आम्हीं सर्वांनीं बसून विचार केला. आधीं वहिनींचें म्हणणें ऐकून घेतलें. पाणी सोसणारा पट्टा घेतला. तो न्हातांना हातांत असावा, देवघरांत नसावा, असें त्यांनींच ठरविलें. आंकडे प्रथम त्यांनीं पाहावे व पुण्याचा फोन संध्याकाळीं एकदांच यावा, असेंही ठरलें. धोक्याचा निरोप पुण्याबरोबर दोन गल्ल्यांपलीकडे मजकडेही येतो. एक किल्ली शेजारीं ठेविली, न्हाणीघराची आंतली कडी काढून टाकली, आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा आंकडा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला. पट्ट्याचा निरोप जवळच्या फोनमार्फत जातो. त्या फोनची वीज संपली किंवा जाळें तुटलें तर तो अडतो. म्हणून सूनबाई सकाळीं एकदां हांक मारून जातातच.

ज्यांच्या घरीं असा पट्टा यावयाचा असेल, त्यांनीं तो विकत घेण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या. ज्याच्या हातीं तो बांधावयाचा त्याची संमति आहे काय, आणि वर्दी आल्यास पांच मिनिटांत दाराशीं कोण पोंचेल? दुसऱ्या प्रश्नास उत्तर नसेल, तर आधीं शेजार जोडावा व मग पट्टा घ्यावा.