गंज आणि रंग

लोखंड बळकट खरे. परंतु ओली हवा ही त्याची वैरीण होय. लोखंड, पाणी व हवेतील प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली, म्हणजे लोखंडावर तांबूस थर धरतो. त्यालाच गंज म्हणतात. ॲल्युमिनियमवरही हवेमुळे एक थर बसतो. पण तो घट्ट असल्याने आतल्या धातूचे रक्षण करतो. गंजाची रीत उलटी आहे. तो सच्छिद्र व ठिसूळ असतो. त्यातून पाणी आत झिरपते आणि खालचे लोखंड गंजू लागते. पोलाद हेही मुख्यतः लोखंडच. म्हणून त्याचीही यातून सुटका नाही.

सायकलीच्या पोलादी सांगाड्यास रंग देतात, तो केवळ शोभेसाठी नव्हे. हवा व पाणी यांना दूर ठेवणारे ते कवच होय. त्यावर ओरखडा पडला, की तेथून गंज शिरतो, रंगाखाली पसरतो आणि रंगाचे पोपडे सुटू लागतात.

रत्नागिरी, मालवण यांसारख्या ठिकाणी समुद्राची खारी, दमट हवा लोखंड लवकर खाते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील करमाड हे गाव समुद्रापासून दूर आहे. तेथील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. अशा कोरड्या मुलखात आडोशाला ठेवलेल्या आजोबांच्या वेळच्या सायकलीवर पुष्कळदा वरवरचाच गंज असतो. तो घरीही काढता येतो.

प्रथम सायकल साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. गंजलेल्या जागी पातळ तेलाचे दोन थेंब सोडून थोडा वेळ मुरू द्यावेत. मग तेलात भिजवलेल्या अगदी बारीक तारेच्या घासणीने, हलक्या हाताने, तेवढीच जागा घासावी. कोरडे घासू नये; कारण जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ शरीरास अपायकारक असते. म्हणून हे काम वडील माणसांच्या देखरेखीखाली करावे व नंतर हात स्वच्छ धुवावेत. तांब्यापितळेची भांडी चिंचेने उजळतात; लोखंडावर मात्र आंबट रस राहिला, तर ते पुन्हा गंजते.

गंज निघाल्यावर फडक्याने तेल पुसावे. उघड्या पडलेल्या पोलादावर गंजरोधक अस्तर व त्यावर जुळता रंग लावावा. शेवटी सर्व सांगाड्यास मेणाचा पातळ हात द्यावा. घासताना खोल खड्डे दिसले किंवा नळी पातळ झाल्याचे आढळले, तर सायकल जाणत्या कारागिरास दाखवावी. तोवर तिच्यावर बसू नये.

संपूर्ण रंग खरवडून सायकल नवी करण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु जुन्या रंगावरच्या बारीक रेघा आणि कारखान्याचे चिन्ह यांवरून ती नॉटिंगहॅमची रॅले आहे, की सोनिपतची ॲटलस, हे कळते. पुणे येथे २०१७ साली सुरू झालेल्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात अशा जुन्या सायकली पाहावयास मिळतात. रेघा व चिन्ह एकदा पुसली गेली, की नव्या रंगाने परत येत नाहीत. यास्तव गंज असेल तेवढाच काढावा; रंग राहील तेवढा राखावा.